एक पाटा जास्तीचा टाकू का?

गॅरेजच्या दारातून : वाचकांचे प्रश्न

केळीची कापणी जोरात आली की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूरच बदलतो. एरवी मायलेज, क्लच, काळा धूर; आणि आता एकदम सगळ्यांना पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या, हवेत. या वेळची निम्म्याहून जास्त पत्रं पिकअपच्या मागच्या अंगाबद्दल आहेत, म्हणून हा अंक पिकअपलाच देऊन टाकला. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकवाल्यांनी पुढच्या महिन्यापर्यंत दम धरावा.

माझी 1.7 टनी पिकअप आहे. बागेतून सावदा, कधी थेट बऱ्हाणपूर. व्यापारी म्हणतो, मागे दोन-दोन पाटे वाढव, अडीच टन माल आरामात बसेल. गावात चौघांनी वाढवलेत. आठ एमएमचे टाकू की दहाचे?
— एक केळी उत्पादक, ता. रावेर

भाऊ, आठ की दहा हा प्रश्न फार पुढचा झाला. आधी हे बघा की पाटे वाढवले की गाडी खाली बसत नाही, पण वजन वाहायची तिची ऐपत तेवढीच राहते. हौद्यातलं वजन चेसिसवर येतं, चेसिसवरून पाट्यावर, पाट्यावरून एक्सलवर, तिथून हबच्या बेअरिंगवर, रिमवर आणि शेवटी टायरवर. यातला एकच माणूस तुम्ही पैलवान केला. बाकीचे होते तसेच आहेत, आणि आता त्यांच्या पाठीवर आठशे किलो जास्तीचे आहेत. वर गाडी खाली बसलेली दिसत नाही म्हणून ड्रायव्हरलाही वाटतं, चाललंय ठीक.

टायरपासूनच हिशेब करून बघा. टायरच्या कडेला मापाच्या शेजारी एक आकडा छापलेला असतो, तो त्या टायरचा भार. 100 असेल तर एका टायरला 800 किलो, 112 असेल तर 1120. समजा तुमचे 112 चे आहेत. मागचे दोन मिळून 2240 किलो झाले. त्यातून रिकाम्या गाडीचं मागच्या चाकांवरचं स्वतःचं वजन वजा करा, उरलं ते मालाचं. भुईकाट्यावर आधी नुसती मागची चाकं चढवून वजन घ्या, मग पूर्ण गाडीचं घ्या. काट्यावरच्या पोराला चहा पाजला तर तो कुरकुर करत नाही. त्या दोन पावत्या हातात असल्या की निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

आता जाडी. पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो. आठ एमएमच्या जागी दहाचा आला तर जाडी सव्वापट झाली, पण त्या पाट्याचा कडकपणा जवळपास दुप्पट. लोकांना वाटतं दोन एमएमने काय होतंय! त्यापेक्षा पाच पाट्यांच्या जुडग्यात त्याच जाडीचा सहावा टाकला तर ढोबळमानाने वीस टक्के वाढ होते. म्हणून माझ्याकडे कोणी दहाचा घेऊन आला की मी तो आधी बाजूला ठेवायला सांगतो.

ब्रेकचं तर कोणी सांगतच नाही. बऱ्याच पिकअपना मागच्या ब्रेकसाठी भार ओळखणारा व्हॉल्व्ह असतो. गाडीखाली वाकून बघा: चेसिसला एक छोटा व्हॉल्व्ह बसवलेला दिसेल, आणि त्याच्यापासून एक सळई किंवा लांब स्प्रिंग एक्सलपर्यंत गेलेली असेल. माल भरला, गाडी खाली बसली, की ती सळई सरकते आणि व्हॉल्व्ह मागच्या चाकांना जास्त दाब सोडतो. रिकामी असली की कमी सोडतो, म्हणजे चाकं लॉक होऊन गाडी आडवी फिरू नये. तुम्ही पाटे वाढवून गाडी उचलून धरलीत, तर अडीच टन भरूनही व्हॉल्व्हला वाटतं हौदा रिकामाच आहे. मागचे ब्रेक अर्धवट लागतात, सगळं ओझं पुढच्यांवर येतं, ते तापतात, आणि उतारावर पॅडल कडक असूनही गाडी थांबत नाही. काही मिस्त्री यावर उपाय म्हणून ती सळई तारेने वर बांधून टाकतात. मग परतीच्या रिकाम्या फेरीत, पहिल्या पावसात, गाडी शेपूट फिरवते. पाट्यांना हात लावला की या व्हॉल्व्हची सेटिंग कंपनीच्या मापाप्रमाणे पुन्हा करायची, हे ज्या मिस्त्रीला माहीत नाही त्याच्याकडे पाटे टाकू नका.

आणि केळी? कडक पाट्यावर प्रत्येक खड्डा थेट घडाला लागतो. हौद्यात पानं कितीही जाड अंथरा, खालच्या थरातल्या फण्या घासून काळ्या पडतात आणि तोच व्यापारी, ज्याने पाटे वाढवायला सांगितलं, तो काट्यावर त्याची कपात धरतो.

कायद्याचंही सांगून ठेवतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 प्रमाणे जादा भाराला 20,000 रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000. शिवाय जादा माल तिथेच उतरवून घेण्याचा अधिकार अधिकाऱ्याला आहे. मे महिन्यात, भर दुपारी, रस्त्याच्या कडेला केळी उतरवून ठेवणं म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगायला नको.

करायचंच असेल तर हे करा. गाडी 1.7 टनावरच बसत असेल तर जुने पाटे थकलेत. त्यांची कमान सपाट झाली असेल, तर कंपनीच्या मापाचं नवं जुडगं टाका. बुश (पाट्याच्या टोकातली नळी) आणि शॅकल (ते टोक चेसिसला जोडणारी हलती कडी) बदला. माल पूर्ण भरल्यावरच टेकणारा हेल्पर पाटा काही मॉडेलना कंपनीकडूनच मिळतो. तो बरा, कारण रिकाम्या गाडीला तो शिवतही नाही. अडीच टन रोजचेच असतील तर मोठी गाडी घ्या, नाहीतर दोन फेऱ्या करा.

भाऊ, मन्ही गाडीना मांगला पाटा तिनदाव तुटना. दर येळे नवा टाकस. आते काय करू?
— कांदा वाहतूकदार, ता. साक्री

भाऊ, कुठे तुटतो ते लिहिलं नाहीत. पाट्याची सगळी कुंडली तुटलेल्या जागेत असते.

मधोमध, सेंटर बोल्टच्या भोकातून तुटत असेल, तर पाट्याचा दोष नाही. जुडगं एक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट सैल आहेत. त्या भोकापाशी पाटा मुळातच कमजोर असतो, यू-बोल्टांनी घट्ट आवळून धरल्यामुळेच तो तगतो. नवा पाटा टाकला की पहिल्या काही दिवसांत रंग, गंज, कचरा दबून जुडगं थोडं बसतं आणि बोल्ट आपसूक ढिले होतात. दोन-तीनशे किलोमीटरनंतर गाडी चाकांवर उभी असताना, जॅकवर नव्हे, ते पुन्हा आवळायचे असतात. आपल्याकडे हे कोणी करत नाही, पाटा बसवला की गाडी कोंडाईबारीच्या घाटात. आणि जुने ताणलेले यू-बोल्ट पुन्हा वापरू नका, पाट्याच्या मानाने ते स्वस्त आहेत.

मोठ्या पाट्याच्या डोळ्याजवळ, म्हणजे टोकाच्या वळवलेल्या गोल भोकाजवळ, तुटत असेल तर बुश जाम झालेत किंवा शॅकल हलत नाही. पाटा लांब होऊ पाहतो, त्याला जागा मिळत नाही, मग तो डोळ्यापाशी पीळ खातो. टोकाकडे छोटे पाटे तुटत असतील तर भार आणि खड्डे, दुसरं काही नाही.

एक गोष्ट मात्र करू नका, ती म्हणजे तुटलेल्या पाट्याला वेल्डिंग. पाट्याचं पोलाद तापवून, तेलात बुडवून, पुन्हा ठरावीक उष्णतेवर आणून कडक-लवचिक केलेलं असतं. वेल्डिंगच्या आगीने तेवढ्या पट्ट्यातलं पाणी, म्हणजे असा कमावलेला कडकपणा, उतरतं. एका बाजूला काच, दुसऱ्या बाजूला लोणी. भट्टीत लाल करून कमान चढवून देणाऱ्यांचंही तेच; पुढची पाणी द्यायची आणि उतरवायची कामं नीट केली नाहीत तर महिन्याभरात पाटा पुन्हा सपाट.

डबल कॅब घेतली आहे, चार-बाय-चार. दोन इंच लिफ्ट किट, मोठे टायर, पुढे बुलबार आणि वर एलईडी बार लावायचा विचार आहे. वॉरंटी सोडून अजून काय बघू?
— एक तरुण, धुळे

आरसी बघा. कायद्याचं कलम 52 सांगतं की नोंदणीच्या वेळी कंपनीने दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच उचलून धरलं. मालकाला कलम 182-अ खाली प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. बुलबारवर तर केंद्राच्या परिवहन मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना कारवाई करायला सांगितलंय. चालणाऱ्याच्या मांडीवर तो लोखंडी दांडा कसा बसतो ते सोडा. धडकेचा धक्का चेसिसमध्ये जसा जायला हवा तसा जात नाही आणि एअरबॅगचं गणित बिघडतं.

लिफ्टबद्दल. गाडी दोन इंच वर उचलली की ड्राइव्ह शाफ्टचे कोन बदलतात, सीव्ही जॉइंटचं रबर लवकर फाटतं, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जातो, आणि वळणावर गाडी पूर्वीपेक्षा आधी कलते. टायर पाच टक्के मोठा घेतला की स्पीडोमीटरवर 80 दिसत असताना तुम्ही 84 ने चाललेले असता. तोरणमाळला जायला ही गाडी कंपनीतून आली तशीच पुरेशी आहे. तिथे जाऊन आलेल्या जुन्या जीपा माझ्याकडे अजून दुरुस्तीला येतात आणि त्यांना कोणी लिफ्ट केलेलं नाही.

खरंच पैसे घालवायचेच असतील तर चांगल्या प्रतीचे, कंपनीच्याच मापाचे शॉकअप टाका. रस्त्यावर सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडतो. पण तो फोटोत दिसत नाही, ही अडचण आहे.

आम्ही पाच जणींनी मिळून जुनी पिकअप घेतली. भाजीचे क्रेट शहाद्याला आणि सुरतेला जातात. ब्रेक मारला की मागचे क्रेट पुढे सरकतात, वरचे पडतात. दोर बरा की तो कटकट आवाज करणारा पट्टा? दुकानदार म्हणतो, पट्टा अडीच टन धरतो.
— बचत गटातील एक भगिनी, ता. तळोदा

ताई, दुकानदार खोटं बोलत नाहीये, अर्धं सांगतोय. पट्ट्यावरची शिवलेली चिठ्ठी वाचा. 50 एमएमच्या पट्ट्यावर साधारण 2500 असं लिहिलेलं असतं, ते पट्टा सरळ ओढला तर जास्तीत जास्त किती भार त्याच्यावर टाकायचा त्याच्या हिशेबाने. त्याच चिठ्ठीवर दुसरा छोटा आकडा असतो, हाताने रॅचेट (पट्टा आवळायचा तो कटकट करणारा दांडा) ओढल्यावर प्रत्यक्षात किती ताण येतो त्याचा. तो तीनशेच्या आसपास असतो. क्रेटांवरून पट्टा टाकून तुम्ही आवळता तेव्हा क्रेट खाली दाबले जातात या दुसऱ्या आकड्याने. चिठ्ठीच नसलेला पट्टा घेऊ नका.

दाबाचंही एक गमक आहे. पट्टा क्रेटांच्या कडेवरून सरळ खाली हुकाकडे उतरला तर पूर्ण दाब मिळतो. थर बुटका आणि हूक लांब, त्यामुळे पट्टा आडवा पसरला, हौद्याच्या तळाशी 30 अंशाचा कोन झाला, तर दाब निम्मा. तुमच्या गाडीला हूक बाहेरच्या बाजूला, फाळक्याखाली असणार. क्रेट मध्ये आणि पट्टा दूर बाहेर, असं होत असेल तर हौद्याच्या आत, तळालगत, चेसिसच्या आडव्या पट्टीला धरून चार रिंगा बसवून घ्या. नुसत्या पत्र्याला वेल्ड केलेली रिंग पत्रा घेऊनच बाहेर येते.

आता ब्रेकचा धक्का. माल बांधण्याच्या युरोपातल्या नियमांत धरतात की जोरात ब्रेक मारल्यावर मालाच्या वजनाच्या 0.8 पट जोर पुढे येतो, वळणावर बाजूला 0.5 पट. तुमचे पाचशे किलो क्रेट असतील तर चारशे किलोंचा धक्का पुढे. पत्र्यावर प्लॅस्टिकचा क्रेट म्हणजे साबण. घर्षण 0.3 धरलं तरी दीडशे किलो पत्रा धरेल, उरलेले अडीचशे कोणीतरी धरायला हवेत. म्हणून पट्ट्यापेक्षा आधी भरणी सुधारा. पहिली रांग केबिनमागच्या जाळीला चिकटून. मध्ये वीतभर जागा सोडू नका. राहिलीच तर रिकामा क्रेट आडवा घालून भरून टाका. खालच्या थराखाली जुन्या ट्रकच्या ट्यूबचे चिरलेले तुकडे अंथरा, पंक्चरवाला फुकट देतो. घर्षण चांगलंच वाढतं आणि क्रेट जागचे हलत नाहीत. वरच्या थरावरून एक लाकडी फळी आडवी टाका आणि पट्टा फळीवरून घ्या, म्हणजे दाब सगळ्या रांगांवर पसरतो आणि क्रेटच्या कडा चेपत नाहीत.

दोर टाकाऊ नाही. पण गाठ मारली की त्या जागी दोराची ताकद निम्म्यापर्यंत उतरते, आणि नायलॉनचा दोर उन्हात कुजतो, वरून कळतही नाही. पट्टाही कुजतो. कडेला धागे सुटलेले दिसले की बाद. फाळक्याच्या तीक्ष्ण कडेवरून जातो तिथे ट्यूबचाच तुकडा घाला.

पाच जणींत एकीने रोज निघण्याआधी आणि पहिल्या दहा-पंधरा किलोमीटरनंतर रॅचेट तपासायचं काम घ्यावं. माल बसतो, पट्टा सैल पडतो. ड्रायव्हरवर सोडू नका.

पीव्हीसी पाइप वीस फुटी. हौद्याबाहेर दहा-बारा फूट जातात. लाल फडकं बांधतो. चालेल ना?
— दुकानदार, पारोळा

नाही चालणार. बाहेर डोकावणाऱ्या मालालाही कलम 194 मध्येच 20,000 चा दंड आहे, फडकं असो नसो. केबिनवरून पुढे जाणारा स्टँड करा, पाय चेसिसला घ्या, हौद्याच्या पत्र्याला नाही, आणि पुढे-मागे गाडीच्या बाहेर काही जाणार नाही अशा लांबीचे पाइप मागवा किंवा लांब गाडी लावा. वजनाचंही ऐका: पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर तीन मीटर असेल आणि मागच्या चाकाच्या एक मीटर मागे 200 किलो ठेवले, तर मागच्या एक्सलवर 267 किलो येतात आणि पुढून 67 उचलले जातात. स्टेअरिंग हलकं लागतंय म्हणून खूश होऊ नका.

मागच्या पाट्यांवर एअर बॅग (हवेची फुगवायची उशी) बसवली तर गाडी बसत नाही असा व्हिडिओ पाहिला. आपल्या उन्हाळ्यात टिकेल का?
— भुसावळ

उन्हाने रबर लवकर म्हातारं होतं, आणि भुसावळचा मे सगळ्यांना ठाऊक आहे. पण खरी अडचण उन्हाची नाही. पाटा चेसिसला दोन टोकांना भार देतो. एअर बॅग मधल्या एकाच ठिकाणी. ऑस्ट्रेलियात डबल कॅबला मागे कॅराव्हॅन जोडून, एअर बॅगांत हवा फुगवून फिरणाऱ्यांच्या चेसिस केबिनमागे वाकल्याची प्रकरणं बरीच गाजली. ठरलेल्या भारातच, रिकाम्या-भरल्यात उंची सारखी राखायला एअर बॅग ठीक. जास्त माल घालायला नाही. हवा दोन्ही बाजूंची सारखी आणि रिकाम्या गाडीतही ठरलेल्या किमान दाबाच्या खाली नको.

टायरच्या हवेबद्दलही तुम्ही शेवटी विचारलंय. उन्हाळ्यात हवा कमी ठेवू नका. कमी हवेचा टायर जास्त दबतो, जास्त दबलेला जास्त तापतो, आणि फुटतो तो त्यामुळे. सकाळी, गाडी थंड असताना, दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे.

हौद्यात चेकर प्लेट टाकावी की रबर मॅट? खत वाहतो.
— अमळनेर

खत वाहता म्हणजे गंज ठरलेलाच. तीन एमएमची लोखंडी प्लेट एका चौरस मीटरला साडेतेवीस किलो भरते. अडीच बाय एक पॉइंट सातच्या हौद्याला शंभर किलो झाले, म्हणजे प्रत्येक फेरीत दोन गोण्या कमी. त्यात प्लेट आणि मूळ पत्र्याच्या मध्ये युरियाचं पाणी शिरलं की ते निघत नाही आणि पत्रा आतून खाल्ला जातो. मॅट घ्या, पण सुटी, चिकटवू नका. आठवड्याला उचलून खाली पाणी मारा, हौद्याच्या कोपऱ्यातली पाणी जायची भोकं काडीने मोकळी करा. बहुतेक गाड्यांची ती मातीने बुजलेली असतात आणि मालकाला ती आहेत हेच माहीत नसतं.